मराठवाड्यात नव्याने राहायला आलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी: १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर कसे अनुभवावेत

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात शिकायला आलेले, शेंद्रा-वाळूजच्या कारखान्यांत कामाला असलेले किंवा कुणाच्या सोबतीने इथे येऊन स्थिरावलेले परदेशी रहिवासी यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. थोडंफार मराठी वाचता येत असेल तर स्वतः वाचा, नाहीतर वर्गमित्राला किंवा घरमालकांना वाचून समजावून सांगायला सांगा. त्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

भारताचे राष्ट्रीय सण कुठल्याही मोठ्या शहरात पाहता येतात. मराठवाड्यात मात्र एकच झेंडा सव्वा महिन्याच्या आत दोनदा उभारला जातो. आमचं सांगणं असं की यातला एकच दिवस पाहून थांबू नका. १५ ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथे त्या दिवशी तिरंगा लावणं हा गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालला. उमरखेड, मनमाड, बार्शी अशा सीमेवरच्या ठिकाणी कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. तोच दिवस इथे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतात. म्हणजे इथलं स्वातंत्र्य एक वर्ष, एक महिना आणि दोन दिवस उशिरा आलं. एवढं लक्षात ठेवलंत तर दोन्ही सकाळी जे दिसेल त्याचा अर्थ लागेल.

आदल्या आठवड्यात करायची तयारी

आधी कागदपत्रं. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. ती ऑनलाइन होते. सणाच्या दिवशी बंदोबस्तावरचे पोलीस ओळखपत्र विचारू शकतात, म्हणून पासपोर्टची, व्हिसाची आणि नोंदणीची झेरॉक्स आणि विद्यापीठाचं किंवा कंपनीचं ओळखपत्र खिशात ठेवा. मूळ पासपोर्ट घरीच असू द्या. गर्दीत हरवला तर सुटीच्या दिवशी दाद लागायला वेळ लागतो.

मग कुठे जायचं ते ठरवा. शाळा, महाविद्यालय, वसाहत, महापालिका, विभागीय आयुक्तालय अशा प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र ध्वजारोहण असतं. मोठ्या सरकारी कार्यक्रमात शिस्त आणि पोलिसांचं संचलन दिसतं, पण तुम्ही लांब उभे राहता. गल्लीतल्या शाळेत लेकरांच्या शेजारी उभं राहायला मिळतं. पहिल्या वर्षी शाळाच निवडा. दोन दिवस आधी मुख्याध्यापकांना भेटून "मी झेंडावंदनाला आलो तर चालेल का?" एवढं विचारलंत तरी पुरे. न विचारता फाटकात जाऊन उभं राहू नका. लहान मुलांच्या शाळेत अनोळखी माणसाला अडवणं हे शिपायाचं कामच आहे.

झेंडा विकत घ्यायचा असेल तर सिग्नलवर मिळणारा प्लॅस्टिकचा घेऊ नका. कापडी घ्या, शक्यतो खादी भांडारातून. इथे एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती, नांदेडला आहे आणि ध्वजाची खादी लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणली जाते. घराच्या गॅलरीसाठी ४५० बाय ३०० मिलिमीटरचा झेंडा बसतो, गच्चीसाठी ९०० बाय ६००चा. टेबलावरचा १५० बाय १०० असतो. लांबी-रुंदीचं प्रमाण नेहमी ३:२. दुकानातच उलगडून पाहा. केशरी पट्टा वर, मध्ये पांढरा, खाली हिरवा आणि चक्राला २४ आरे. घाईत छापलेल्या स्वस्त झेंड्यांत आरे कमी-जास्त असतात किंवा चक्र मध्यभागी नसतं. असा झेंडा लावू नये.

जुलै २०२२पासून नागरिकांना घरावर तिरंगा दिवसा आणि रात्रीही लावता येतो. फाटका, मळका किंवा उलटा मात्र चालत नाही. स्वतःच्या देशाचा झेंडा शेजारी लावायची इच्छा होणं स्वाभाविक आहे. त्याचा नियम असा: दोन वेगळ्या काठ्या, आकार सारखा, आणि समोरून पाहणाऱ्याला तिरंगा डावीकडे दिसला पाहिजे. एकाच काठीवर दोन झेंडे लावता येत नाहीत. आमचं मत विचाराल तर या दोन दिवशी फक्त तिरंगाच असू द्या. शेजाऱ्यांना तो आदर लगेच कळतो.

कपडे साधे आणि स्वच्छ. पांढरा सदरा किंवा कुर्ता उत्तम, साडी किंवा सलवार-कमीज चालते. छातीवर छोटा तिरंगी बिल्ला लावा. झेंडा छापलेली विजार, कमरेला गुंडाळलेला तिरंगी कपडा, तिरंगी रुमाल टाळा. कमरेखालच्या वस्त्रावर राष्ट्रध्वज वापरणं आणि रुमाल-उशीवर तो छापणं कायद्याने मना आहे. १९७१चा राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंधक कायदा परदेशी माणूस म्हणून तुम्हाला सूट देत नाही. ऑगस्टमध्ये मैदानावर चिखल असतो, तेव्हा जुने बूट आणि छोटी छत्री हवी. राष्ट्रगीताच्या वेळी छत्री मिटवून खाली धरा.

१५ ऑगस्टची सकाळ

वेळापत्रक नीट समजून घ्या, कारण बहुतेक नवखे इथेच चुकतात. राज्यभर मुख्य शासकीय ध्वजारोहण सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी होतं. सगळ्यांना त्याला जाता यावं म्हणून ८.३५ ते ९.३५ या तासात दुसरा ध्वजारोहणाचा कार्यक्रम ठेवू नये असा शासनाचा आदेश असतो. त्यामुळे शाळा आणि वसाहती आपला कार्यक्रम सातच्या सुमारास सुरू करून साडेआठच्या आत उरकतात. नऊ वाजता शाळेत पोचलात तर रिकामं मैदान आणि झाडलोट करणारा शिपाई एवढंच दिसेल.

या वेळापत्रकाचा फायदाही घेता येतो. सव्वासातला शाळा, आठला वसाहत, मग संभाजीनगरला दिल्ली गेटजवळच्या विभागीय आयुक्तालयातला ९.०५चा कार्यक्रम, अशा तीन जागा एका सकाळी होतात. आयुक्तालयात साडेआठला पोचा. तपासणी असते, मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. ड्रोन तर नकोच. परदेशी नागरिकांना भारतात तो उडवता येत नाही आणि या दिवशी पोलीस तो लगेच ताब्यात घेतात.

शाळेतला क्रम साधारण असा. आधी महात्मा गांधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अशा थोरांच्या प्रतिमांना हार घालतात, नारळ फोडतात. प्रतिमांजवळ फुलं वाहायला बोलावलं तर चपला बाजूला काढून पुढे व्हा. नंतर "सावधान" अशी आज्ञा होते, झेंडा उलगडतो आणि राष्ट्रगीत सुरू होतं. ते पूर्ण म्हणायला सुमारे ५२ सेकंद लागतात. तेवढा वेळ झेंड्याकडे तोंड करून ताठ उभं राहायचं, हात शरीराला लागून सरळ खाली. काही देशांत राष्ट्रगीताला हात छातीवर ठेवतात, तो रिवाज इथे नाही. सलाम फक्त गणवेशातली माणसं करतात. शब्द येत असतील तर म्हणा, येत नसतील तर पुटपुटण्यापेक्षा शांत उभं राहणं चांगलं. आदराने उभं राहणं पुरेसं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली केरळच्या शाळकरी मुलांच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

राष्ट्रगीत संपलं की लगेच हलू नका. बहुतेक ठिकाणी पाठोपाठ राज्यगीत होतं, त्यालाही उभं राहायचं. मग प्रतिज्ञा, घोषणा, लेकरांची कवायत आणि भाषणं. भाषणं लांबतात. मधून उठून जायचं झालं तर दोन भाषणांच्या मधल्या टाळ्यांत जा, कुणी बोलत असताना नको. शेवटी खाऊ वाटतात. गोळी, बुंदी, बिस्किटाचा पुडा, जे मिळेल ते दोन्ही हातांनी घ्या. "मी मोठा आहे, मुलांना द्या" म्हणून परत केलंत तर देणाऱ्याला वाईट वाटतं.

फोटो झेंडा उलगडल्यानंतर किंवा कवायतीच्या वेळी काढा. राष्ट्रगीतात मोबाइल खिशात असावा, आवाज बंद. लेकरांचे जवळून फोटो काढण्याआधी शिक्षकांना विचारा.

झेंडा उभारायला तुम्हालाच बोलावलं तर

हे घडतं. पाहुण्याला मान द्यायची इकडची रीत आहे, आणि वसाहतीत किंवा खासगी संस्थेत ऐनवेळी "यंदा पाहुण्यांच्या हस्ते" असं ठरू शकतं. घाबरून नाही म्हणू नका, पण दोरी हातात घेण्याआधी पाच मिनिटं मागून घ्या आणि पुढच्या गोष्टी पाहा.

खांबाच्या टोकाला कप्पी असते. तिच्यावरून गेलेल्या दोरीचे दोन पदर खाली लोंबतात. एक पदर झेंड्याच्या केशरी टोकाला बांधलेला असतो आणि कप्पीवरून फिरून खाली येतो. दुसरा हिरव्या टोकाकडून थेट खाली येतो. झेंडा आधीच घडी घालून पुडीसारखा बांधलेला असतो. घडी घालताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडतात, मग दोन्ही बाजू आत घेतात, वर अशोकचक्र दिसत राहतं. आत मूठभर फुलांच्या पाकळ्या ठेवतात, त्याला ध्वजसंहितेची परवानगी आहे. पुडीवर दोरीची सुरगाठ मारतात. पहिला पदर ओढला की पुडी वर जाते. ती टोकाला पोचल्यावर तो पदर ताणून धरायचा आणि दुसऱ्याला खाली एकच हिसका द्यायचा. गाठ सुटते, पाकळ्या पडतात, झेंडा उघडतो. बऱ्याच ठिकाणी पुडी आधीच वर नेऊन ठेवलेली असते, तेव्हा तुमच्या वाट्याला फक्त हिसका येतो.

गडबड होते ती बहुधा चार कारणांनी. बांधणाऱ्याने सुरगाठीऐवजी पक्की गाठ मारलेली असते. रात्रीच्या पावसाने सुती दोरी भिजून फुगते आणि गाठ आवळते. पाकळ्या फार भरल्याने पुडी जड आणि घट्ट होते. किंवा पाहुणा चुकीचा पदर ओढतो. चुकीचा पदर ओढला की पुडी कप्पीत रुतते, आणि जितका जोर लावाल तितकी जास्त रुतते. म्हणून कुठला पदर गाठीचा ते आधीच विचारा आणि हातात धरून पाहा. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी साध्या कापडाची पुडी बांधून एकदा करून बघायला संयोजकांना सांगा. पावसाची चिन्हं असतील तर नायलॉनची दोरी वापरायला सुचवा.

गाठ नाहीच सुटली तर जोरात हिसके देऊ नका. दोरी तुटली तर झेंडा खाली पडतो, आणि ते कुणालाच सहन होत नाही. थांबा, पुडी हळू खाली घ्या, जाणकाराकडून पुन्हा बांधून घ्या, परत वर न्या. कुणी हसणार नाही. राष्ट्रगीत झेंडा उलगडल्यावरच सुरू होतं. झेंडा उलटा उघडला तर मात्र वेळ न घालवता उतरवून सरळ करायचा. खाली असतानाच खात्री करून घ्या: कप्पीकडे जाणाऱ्या दोरीला केशरी टोक बांधलेलं हवं.

चढवताना हात चपळ चालावा, उतरवताना सावकाश. उलगडल्यावर दोन्ही पदर खांबाच्या खुंटीला घट्ट गुंडाळून बांधा, दोन पावलं मागे या आणि सावधान उभे राहा.

मित्राच्या गावी जाणार असाल तर

गावातलं झेंडावंदन शहरापेक्षा जास्त पाहण्यासारखं असतं. पहाटे लेकरांची प्रभातफेरी गल्लीगल्लीतून निघते. मग जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामपंचायत, सोसायटी असे एकामागून एक झेंडे होतात आणि सगळं गाव एका खांबाकडून दुसऱ्याकडे चालत जातं. नंतर ग्रामसभा असेल तर सरपंचांना विचारून बाजूला बसून ऐका, मत मांडू नका.

एक गोष्ट यजमान मित्रालाही माहीत नसते. परदेशी माणूस मुक्कामाला आला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन फॉर्म (पूर्वीचा 'सी फॉर्म') भरून द्यावी लागते, आणि हे हॉटेलाइतकंच घरालाही लागू आहे. आदल्या दिवशी मित्राच्या मोबाइलवरून तो कसा भरायचा ते पाहून ठेवा.

१७ सप्टेंबर

या दिवसाचा मुख्य कार्यक्रम संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात, मध्यवर्ती बसस्थानकाजवळ होतो. मुक्तिसंग्रामाच्या स्मृतिस्तंभाला पुष्पचक्र वाहतात आणि मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ध्वजारोहण होतं. वेळ त्यांच्या दौऱ्यावर ठरते आणि दरवर्षी थोडी बदलते, म्हणून आदल्या दिवशीचं स्थानिक वर्तमानपत्र पाहा. बसस्थानकाकडचे रस्ते सकाळी वळवलेले असतात. रिक्षा लांबच सोडा आणि शेवटचा टप्पा चालत जा, निदान एक तास हाताशी ठेवून. नांदेडला माता गुजरीजी विसावा उद्यानात आणि परभणीला राजगोपालाचारी उद्यानात असाच कार्यक्रम असतो. तिथे गर्दी कमी आणि स्तंभ जवळून पाहता येतो. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे आणि त्याची स्थापनाही १७ सप्टेंबरचीच, १९९४ सालची.

हुतात्म्यांना मानवंदना देताना पोलीस हवेत फैरी झाडतात. युद्ध पाहिलेल्या देशातून तुम्ही आला असाल तर हे आधीच ठाऊक असलेलं बरं. कान झाकायला हरकत नाही, पण पळू नका.

मुख्यमंत्री येतात त्या दिवशी मागण्या घेऊन आंदोलनंही होतात. पाणी, विकास, आरक्षण, कारणं खरी असतात आणि लोक मनापासून आलेले असतात. तरी तुम्ही त्यात उभं राहू नका, घोषणा देऊ नका, फलक हातात घेऊ नका. व्हिसावर आलेल्या माणसाला त्याचा नाहक त्रास होतो.

गप्पांमध्ये निजाम आणि रझाकार (निजामाच्या बाजूने लढणारी हत्यारबंद संघटना) यांचा विषय निघणारच. ऐका आणि विचारा, पण ही हिंदू-मुसलमानांची लढाई होती असा सोपा निष्कर्ष काढू नका. रझाकारांविरुद्ध लिहिणारे 'इमरोज' या दैनिकाचे संपादक शोएबउल्ला खान स्वतः मुसलमान होते, आणि त्यांची ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत हत्या झाली. हा लढा अनियंत्रित सत्तेविरुद्ध जनतेचा होता, आणि तो तसाच समजून घ्यायला हवा. म्हातारी माणसं भेटली तर "तुमच्या गावात तेव्हा काय झालं होतं?" एवढं विचारा. गढी, पोलीस चौकी, लपायची शेतं, आईवडिलांकडून ऐकलेलं सगळं सांगतील. हे फार काळ ऐकायला मिळणार नाही.

हा दिवस बऱ्याचदा गणपतीच्या दिवसांत येतो. २०२४ला तर त्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. अशा वर्षी सकाळी झेंडा आणि दुपारपासून मिरवणूक, तेव्हा दुपारनंतर रिक्षा-बसचा भरवसा धरू नका. १७ सप्टेंबरला सुटी आहे की नाही तेही आपल्या विभागात किंवा कंपनीत विचारून घ्या. १५ ऑगस्टसारखी ती गृहीत धरता येत नाही.

दुपार

१५ ऑगस्टला सकाळपासून चौकाचौकात जिलेबीच्या कढया लागतात. दोघांना पाव किलो पुरते. कढईतून पाकात आणि पाकातून थेट पुड्यात पडलेली घ्या, आणि घरी पोचेपर्यंत पुडा उघडा ठेवा, नाहीतर वाफेने ती नरम पडते. हा दिवस बहुतेक श्रावणात येतो, त्यामुळे बऱ्याच घरी सामिष शिजत नाही. काही वेळा महापालिका मांसविक्रीही बंद ठेवते. दारूची दुकानं तर बंदच. बँका, टपाल, सरकारी कचेऱ्या बंद असतात, औषधांची दुकानं आणि एसटी चालू.

फिरायला जायचं असेल तर वार पाहा. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं. सुटीच्या दिवशी दौलताबादच्या घाटात आणि वेरूळच्या वाटेवर वाहनं अडकतात. गर्दी टाळायची असेल तर बिबी का मकबरा दुपारी चारनंतर. परदेशी नागरिकांना तिकीट जास्त असतं, पण नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका अशा सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांइतकंच. त्यासाठी मात्र मूळ पासपोर्ट मागू शकतात, तेव्हा त्या दिवशी तो सोबत न्या.

झेंडा परत ठेवताना

संध्याकाळी रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे दिसले तर उचलून घरी आणा. कचराकुंडीत टाकू नका. फाटलेला झेंडा तुकडे करून फेकायचा नसतो, एकांतात, आदराने, शक्यतो जाळून संपूर्ण नष्ट करायचा असतो. घरचा चांगला झेंडा धुऊन, सावलीत वाळवून, वर सांगितल्याप्रमाणे चक्र वर राहील अशी घडी घालून कपाटात उंच ठेवा.

तोच झेंडा पुढे उपयोगी पडेल. २६ जानेवारीला मुख्य कार्यक्रम ९.१५ला असतो आणि ८.३० ते १० या वेळात दुसरे कार्यक्रम नसतात. संचलन जास्त मोठं असतं, शाळांतून संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन होतं. १ मे, महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन सकाळी आठला. मराठवाड्यातलं मे महिन्याचं ऊन लक्षात घेऊन पाण्याची बाटली आणि टोपी सोबत ठेवा.